डावीकडची नऊ, उजवीकडची सहा

आमच्या कार्यालयात दोन खोल्या होत्या, डावी आणि उजवी. मी डाव्या खोलीत बसायचे, नवरा उजव्या खोलीत. जिना चढून आलं की डावी खोली उजव्या हाताला लागायची आणि नवा माणूस हमखास चुकायचा, कारण खोल्यांची नावं जिन्यावरून पडलेली नव्हती, जनावरांवरून पडलेली होती. डाव्या खोलीत जनावरांच्या डाव्या बाजू ओळखायच्या, उजव्या खोलीत उजव्या. हे ऐकून माझा मोठा भाऊ माझ्या लग्नात इतका हसला होता की त्याला पाणी द्यावं लागलं. मला तेव्हाही त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

कारण होतंच तसं. जंगलात पाणवठ्याकडे जाणारी एक अरुंद वाट आहे. एका अंगाला झाडं, दुसऱ्या अंगाला खोल उतार. झाडाला कॅमेरा बांधलेला. संध्याकाळी तरसं पाण्याकडे जायची तेव्हा त्यांची डावी कूस कॅमेऱ्यासमोर यायची आणि पहाटे परतायची तेव्हा उजवी. आता तरसाच्या दोन कुशींवरचे पट्टे सारखे नसतात. डावी बाजू कितीही तोंडपाठ असली तरी तीवरून उजवी सांगता येत नाही. म्हणून डाव्यांची वही वेगळी, उजव्यांची वेगळी, आणि जे खात्रीने जुळत नाही ते जुळवायचं नाही हा नियम. पलीकडून दुसरा कॅमेरा लावा असा अर्ज आम्ही केला होता. वरून उत्तर आलं, आधी एक बाजू पूर्ण करा.

पुढे वरच कुणीतरी बेरीज केली. डाव्या चौसष्ट, उजव्या एकसष्ट, म्हणून तरसं एकशे पंचवीस. अभिनंदनाचं पत्र आलं, साहेबांनी ते चौकटीत लावून घेतलं, आणि काचेच्या मागे गेलेल्या आकड्याशी कोण वाद घालणार?

एकमेकांच्या खोलीत जायचं नाही, एकमेकांचे फोटो बघायचे नाहीत, घरी कामाचं बोलायचं नाही, असं साहेबांनी आमचं लग्न ठरल्यावर दोघांकडून लिहून घेतलं होतं. एका बाजूच्या मताचा दुसऱ्या बाजूवर परिणाम नको. एकोणीस वर्षं आम्ही ते पाळलं. घरी आम्ही गळक्या नळाबद्दल आणि नणंदेच्या गुडघ्यांबद्दल बोलायचो.

नवऱ्याला सगळे फूटपट्टी म्हणायचे. पट्ट्यांमधलं अंतर मोजायला तो खिशात पट्टी ठेवायचा हे एक कारण, आणि माणूसही तसाच होता हे दुसरं. मी नवा स्वेटर घातला की तो म्हणायचा, "मातकट, कडेला फिकट, बाहीवर दोन तपकिरी पट्टे." बरा दिसतो की वाईट, हे या माणसाने कधी सांगितलं असेल तर शपथ. पण त्याची ओळख एकदाही चुकली नव्हती, आणि याचा मला राग यायचा तितकाच अभिमानही वाटायचा.

दुपारी दोन ते चार लोकांनी आणलेले किडे ओळखायचं काम असायचं. लोक काड्यापेटीतून, औषधाच्या बाटलीतून, चष्म्याच्या घरातून किडे घेऊन यायचे. मी किड्याशेजारी रंगांचा तक्ता धरायचे, अठ्ठेचाळीस चौकोनांचा, आणि सांगायचे. शेंदरी पाठ, सात काळे ठिपके, घाबरू नका. काळी पाठ, पिवळा पट्टा, हात लावू नका. एक गृहस्थ चकाकत्या हिरव्या रंगाचं, पाठीवर चार छिद्रं असलेलं काहीतरी घेऊन आले. ते कोटाचं बटण होतं. त्यांना ते पटलं नाही, दुसरं मत घ्यायला ते उजव्या खोलीत गेले, आणि तिथे नवऱ्याने त्यांना लेखी दिलं की उजव्या बाजूनेही ते बटणच आहे.

फुलपाखरांचा मात्र त्रास व्हायचा. पंख मिटून बसलं तर ठीक, पण पंख उघडून बसलं की दोन्ही बाजू एकाच फोटोत यायच्या. असा फोटो साहेबांकडे जायचा. साहेब खणातून कात्री काढायचे, फोटो बरोबर मधोमध कापायचे, डावा अर्धा मला आणि उजवा नवऱ्याला पाठवायचे. या कामात त्यांचा हात फार सफाईदार होता.

वर्षं गेली तशी एक गोष्ट सगळ्यांच्याच डोक्यात पक्की बसली. डावीकडची तरसं सरळमार्गी आणि उजवीकडची चोर. माझ्या खोलीतल्या एकाही तरसाच्या तोंडात कधी काही नसायचं. शांत, खाली मान, आपल्या वाटेने जाणारी. उजव्या खोलीत मात्र जो फोटो येई त्यात जनावराच्या तोंडात काहीतरी धरलेलं. हाड, कोंबडी, चपलेचा अंगठा, एकदा सायकलची सीट. साहेब भाषणात सांगायचे की उजव्या पट्ट्यांच्या तरसांत गुन्हेगारी प्रवृत्ती जन्मजात असते. मीही मान डोलवायचे, खोटं कशाला सांगू? आपल्या खोलीचं कौतुक कुणाला नको असतं.

माझी सगळ्यात लाडकी होती नऊ नंबरची. मळकट राखी अंग, काजळी गळा, कुशीवर आठ उभे पट्टे, त्यातला चौथा मध्येच तुटलेला, आणि डाव्या मांडीवर जिन्याच्या पायऱ्यांसारखे आडवे पट्टे. अकरा वर्षं मी तिला रोज संध्याकाळी पाण्याला जाताना बघत होते. तरसावर कुणी जीव लावतं का, असं आमची नणंद म्हणते. मी लावला होता. त्या वर्षी विभागाच्या कॅलेंडरवर नऊचा फोटो छापून आला, "आदर्श वन्यप्राणी" म्हणून, आणि खाली थेट मुख्य कार्यालयाचा आदेश, की या जनावराच्या केसालाही कुणी धक्का लावू नये. मी ते कॅलेंडर घरी स्वयंपाकघरात लावलं. नवऱ्याने नियमाप्रमाणे रोज त्याकडे पाठ करूनच जेवण केलं.

मग साहेबांच्या सासूबाई आल्या. चार दिवसांसाठी आल्या होत्या. साहेबांनी हौसेने त्यांना जंगलातल्या विश्रामगृहात नेलं. पहाटे त्या पायरीवर शाल पांघरून बसल्या होत्या, शेजारी चामड्याची पर्स, पर्समध्ये कवळी. एक तरस आलं, पर्स उचलली आणि सावकाश चालू लागलं. सासूबाईंनी ते नीट पाहिलं, आणि पाहिलं ते उजवीकडून. दुसऱ्या दिवशी उजव्या खोलीचा अल्बम पुढे ठेवल्यावर त्यांनी एक एक पान उलटत सहावर बोट ठेवलं. खांद्यावर दुफाटा पट्टा, उजव्या मांडीवर एका कोपऱ्यात तुटलेली चौकट. "हीच भवानी," त्या म्हणाल्या, आणि कवळीशिवायही ते सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.

सहा नंबरला पुढच्या सोमवारी पकडून जन्मभर पिंजऱ्यात ठेवायचं असं ठरलं. ते बघितल्याशिवाय मी इथून हलणार नाही, असं सासूबाईंनी जाहीर केलं. साहेबांचा चेहरा त्या आठवड्यात इतका उतरला की पिंजऱ्याची पाटीसुद्धा त्यांनी आधीच रंगवून घेतली. सहाचा फोटो मोठा करून कार्यालयातल्या पाण्याच्या टाकीसमोर लावला. मी उजवीकडचे फोटो बघायचे नाहीत असा नियम, पण तहान लागल्यावर माणूस काय डोळे मिटून पाणी पिणार?

त्यानंतर तीन दिवसांनी मी टाकाऊ फोटोंची पेटी आवरत होते. जनावर पाठमोरं असेल तर तो फोटो कुठल्याच बाजूचा नाही, म्हणून आम्ही तो पेटीत टाकायचो. त्यातला एक फोटो हातात आला. पाणवठ्याच्या वाटेवर एक तरस ढुंगण करून उभं. डाव्या मांडीवर पायऱ्या, माझ्या नऊच्या, डोळे बांधले तरी ओळखल्या असत्या. आणि शेपटीच्या पलीकडे, उजव्या मांडीवर, एका कोपऱ्यात तुटलेली चौकट.

मी फोटो घेऊन पाण्याच्या टाकीपाशी गेले, परत आले, परत गेले. शिपाई म्हणाला, "बाई, आज उकाडा फार आहे का?"

तुम्ही म्हणाल, जनावराला दोन बाजू असतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्हालाही कळत होतं. पण माझ्या नऊची दुसरी बाजू ही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ती असलीच तर कुठेतरी दूर, कुठल्यातरी सज्जन पट्ट्यांची असेल असं मी धरून चालले होते. आता सगळं स्वच्छ दिसत होतं. संध्याकाळी ती रिकाम्या तोंडाने जायची म्हणून आदर्श, आणि पहाटे पिल्लांसाठी तोंडात काहीतरी घेऊन यायची म्हणून चोर. सगळीच तशी होती. आणि माझी नऊ येत्या सोमवारी जन्मभरासाठी पिंजऱ्यात जाणार होती.

मी सरळ साहेबांकडे गेले. फोटो टेबलावर ठेवला. "साहेब, सहा आणि नऊ एकच आहेत."

साहेबांनी फोटो जवळ घेतला, लांब धरला, चष्मा पुसला. त्यांना कळलं, हे मला त्यांच्या कानांच्या पाळ्यांवरून कळलं, त्या लाल झाल्या. मग त्यांनी खण उघडला, कात्री काढली, फोटो शेपटीच्या मधोमध कापला, डावा अर्धा माझ्या हातात दिला आणि उजवा उजव्या खोलीच्या पेटीत टाकला.

"हं," ते म्हणाले. "आता बोला, काय म्हणत होतात?"

माझ्या हातात माझ्या नऊची डावी मांडी होती. तीवरून काहीच सिद्ध होत नव्हतं. "साहेब, तुम्ही स्वतः बघितलंत," मी म्हणाले.

"बाई, मला घरी जायचं असतं रोज," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका केविलवाणा होता की मला भांडताही येईना. एकशे पंचवीसचा आकडा त्यांच्या डोक्यामागे काचेत लटकत होता. "तुमच्या नऊला काही होणार नाही. आदेश आहे ना. तुम्हीही सोमवारी तिथे उभ्या राहा डाव्या खोलीतर्फे, म्हणजे चुकून एखादं डावं जनावर पकडलं जाणार नाही."

त्या संध्याकाळी मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला. ताट वाढलं आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवायचा थांबला. कॅलेंडरकडे मात्र त्याने वळून पाहिलं नाही.

"उजवा अर्धा माझ्याकडे आलाय," तो म्हणाला. "सहाचीच मांडी आहे."

"आणि डावा माझ्याकडे आहे. थांब, आणते."

"नको. ती बाजू माझी नाही."

"सोमवारी ओळख तुलाच पटवायचीय. तू नुसतं म्हण, ही सहा नाही. कुणाला कळणार आहे? तुझा शब्द शेवटचा असतो."

"म्हणूनच," तो म्हणाला.

"म्हणजे काय, म्हणूनच?"

"माझ्यासमोर सहा आली तर मी सहाच म्हणेन. एकदा खोटी ओळख दिली की आजवरच्या सगळ्या ओळखी खोट्या होतात. मग मी इतकी वर्षं काय केलं?"

"तू पट्टे मोजलेस," मी म्हणाले. "आणि आता पिंजऱ्याचे गज मोज." मग मी आणखीही बरंच बोलले. त्याच्या आईबद्दल बोलले नाही एवढंच. त्याने ताट घासून ठेवलं आणि तो झोपायला गेला. शनिवार, रविवार आमच्या घरात गळक्या नळाचाही विषय निघाला नाही. मला त्याचा इतका संताप आला होता की त्याचे शर्ट वाळत घालताना मी उलटे घातले.

सोमवारी पहाटे आम्ही वाटेवर होतो. झाडाखाली घडीची खुर्ची आणि तिच्यावर सासूबाई, हातात कुस्करलेल्या केळ्याची वाटी. शेजारी साहेब. पुढे बेशुद्धीचं इंजेक्शन मारणारा नेमबाज, बंदूक गुडघ्यावर. त्याला लेखी सूचना होत्या. उजवी खोली हो म्हणाली तर मारायचं, डावी बाजू दिसली आणि डावी खोली नाही म्हणाली तर थांबायचं. "आणि दोघंही एकदम बोलले तर?" त्याने विचारलं. साहेब म्हणाले, "ते एकदम बोलत नाहीत. नवराबायको आहेत."

उजाडता उजाडता ती आली. अकरा वर्षांत मी तिला कधी समोर पाहिलं नव्हतं, नुसते फोटो. ती फोटोपेक्षा लहान होती आणि मागचा एक पाय किंचित ओढत होती, ते फोटोत कसं दिसणार? तोंडात काहीतरी मऊ, करडं लोंबत होतं, ससा असावा. ती पाण्याकडून येत होती, उजवी कूस आमच्याकडे. खांद्यावर दुफाटा पट्टा. मांडीवर चौकट.

"हीच," सासूबाई म्हणाल्या.

नवरा दोन पावलं पुढे झाला. मला त्याची पाठ दिसत होती. तो हवेत बोटाने पट्टे मोजत होता, एक एक करून, सगळे. नेमबाजाने बंदूक खांद्याला लावली.

"उजवी खोली?" साहेबांनी विचारलं.

"सहा," नवरा म्हणाला.

मी त्याला त्या क्षणी सोडून जाणार होते. हे मी नंतर त्यालाही सांगितलं. माझं सामान किती, नणंदेकडे की भावाकडे, इथपर्यंत मी पोचले होते.

त्या आवाजाने ती थबकली. तिने आमच्याकडे पाहिलं, सासूबाईंच्या केळ्याकडे पाहिलं, आणि मग आल्या वाटेने परत फिरली. अरुंद वाटेवर तिला वळायला तीन वेळा पाय उचलावे लागले. आता डावी कूस आमच्याकडे होती. आठ पट्टे, चौथा तुटलेला. मांडीवर पायऱ्या.

"थांबा," नवरा नेमबाजाला म्हणाला. तो माझ्याकडे वळला. कार्यालयाच्या वेळेत तो माझ्याशी कधीच बोललेला नव्हता, त्यामुळे त्याला सुरुवात कशी करावी ते सुचेना. त्याने घसा साफ केला. "बाई, ही तुमच्या खोलीतली कितवी?"

"नऊ," मी म्हणाले.

"खात्रीने?"

"खात्रीने."

"मी उजवी बाजू स्वतः पाहिली, ती सहा आहे," तो साहेबांना म्हणाला. "डावी बाजू यांनी स्वतः पाहिली, ती नऊ आहे. मध्ये जनावर नजरेआड झालं नाही. हे एकच जनावर आहे. नऊच्या केसाला धक्का लावायचा नाही असा मुख्य कार्यालयाचा आदेश आहे, आणि तुमच्या आदेशापेक्षा तो वरचा आहे. बंदूक खाली घ्या."

नेमबाजाने साहेबांकडे पाहिलं, आणि नवऱ्याचा आवाज जास्त सरकारी वाटल्यामुळे असेल, बंदूक खाली घेतली. ती सावकाश, पाय ओढत, ससा सांभाळत वळणाआड गेली.

"अहो, तुम्हाला कळतंय का?" साहेब म्हणाले. "हे वर गेलं की एकशे पंचवीस उरणार नाहीत. उजवी खोली बंद होईल. तुमची खोली."

"हो," नवरा म्हणाला. "तो विचार मी शनिवारी केला."

मला लाज वाटली. मी या माणसाला खोटं बोल म्हणून दोन दिवस छळलं होतं. खोटं बोलून त्याची खोली वाचली असती, नोकरीला धोका नसता, वर बायकोही टिकली असती. त्याने खरं सांगितलं, पूर्ण सांगितलं, आणि हातातलं सगळं घालवून बसला. सासूबाई साहेबांना विचारत होत्या, "म्हणजे पिंजरा नाहीच का?" आणि साहेब खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते.

त्याच आठवड्यात वरून फोन आला. झाला तेवढा घोळ पुरे, यापुढे दोन्ही बाजू पाहिलेलंच जनावर धरावं, बाकी सगळी खोडावीत. नवऱ्याने समजावून सांगायचा प्रयत्न केला, की डाव्या चौसष्ट वेगवेगळ्या आहेत म्हणजे तरसं निदान चौसष्ट तरी असणारच. पलीकडचा माणूस म्हणाला, निदान वगैरे चालणार नाही, खात्रीचं सांगा.

उजव्या खोलीची पाटी उतरवली, तिथे जुनी कपाटं आली. नवऱ्याची खुर्ची माझ्या टेबलाच्या पलीकडच्या अंगाला ठेवली. नवी वही आली, तिच्यात डावी आणि उजवी असे दोन रकाने होते. त्याने पट्टी काढून रेघ मारली. मी माझा रकाना भरला, आठ पट्टे, चौथा तुटलेला. त्याने त्याचा भरला. मग त्याने वही माझ्याकडे फिरवली आणि पहिल्यांदाच माझ्या बाजूच्या ओळी वाचल्या, हळूहळू, बोट ठेवून.

"चांगली दिसते," तो म्हणाला.

खाली एकूण संख्येच्या जागी त्याने एक लिहिलं आणि आम्ही दोघांनी सही केली. इतक्या वर्षांत आम्ही मिळून ओळखलेलं ते पहिलं जनावर.